उष्ट्या तोंडाचा धवला

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी जाग येते ती माझ्या कानाला. डोळे मिटलेले असतात, अंग गोधडीत असतं आणि कान मात्र भिंतीपलीकडे गेलेला असतो. पलीकडच्या खोलीत माझी मोठी जाऊ झोपते. तिच्या छातीतून बारीक शिट्टी येतेय का, ती उठून बसलीय का, खोकतेय का, एवढं ऐकून झालं की मग मी उठते. शिट्टी नसेल तर चहा ठेवते. असेल तर दम्याचा पंप आणते. पूर्वी तो शोधावा लागायचा, कारण बाईसाहेब तो रोज नव्या जागी ठेवायच्या. कधी तांदळाच्या डब्यामागे, कधी देवळीत, एकदा तर कोंबड्यांच्या डालग्यावर सापडला. कंटाळा येतो हो. तिचा येत नाही, पण हे रोजचं कान देऊन पडून राहणं, त्याचा येतो.

बाकीचा दिवसही ऐकण्यातच जातो, कारण मी आशाताई आहे. कर्जतहून कळंबकडे जाताना आत वळलं की जी गावं लागतात आणि डोंगराच्या पायथ्याला ज्या वाड्या आहेत, तिथं घरोघर फिरणं हे माझं काम. कोणाचं बाळंतपण, कोणाचा ताप, कोणाच्या पोराची लस. वरून सांगतील ते सर्वेक्षण. गावातली माणसं माझं ऐकतात, निदान ऐकल्यासारखं तरी करतात. घरात पाऊल टाकलं की मला कुत्रं विचारत नाही.

जावेला मी बाय म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा तिला अहो-जाहो करायचे. पुढं मला मुलगी झाली, मी ड्युटीला लागले आणि पोर बायच्या मांडीवर वाढली. तेव्हा कधीतरी मी 'तू'वर आले आणि तिनं काही म्हटलं नाही. तिला स्वतःचं मूल नाही. दीर रसायनीच्या कंपनीत शिफ्टला, ते असून नसल्यासारखे. माझी मुलगी तिला मोठी आई म्हणते आणि मला नुसती आई. काय ते समजून घ्या.

बाय धवलारीण आहे. शहरातल्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडे लग्नात भटजी येतो, पण त्याच्याही आधी धवलारीण लागते. मांडवाची पहिली मेढ रोवली की तिथपासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं, आणि तो धवलारणीनं गायचा. सगळं तोंडपाठ. एक बाई पुढं ओळ ओढते, दुसरी मागून ती धरते. पुढचीचा सूर संपायच्या आत मागचीनं घुसायचं, मागचीचा संपायच्या आत पुढचीनं नवी ओळ काढायची. मध्ये फट पडू द्यायची नाही. फट पडली म्हणजे धवला तुटला, आणि धवला तुटला की म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागतात. बाय पुढं आणि मी मागं, ही आमची जोडी पार खालापूरपर्यंत माहीत होती. बायचा दम असा की ओळीचा शेवटचा सूर ती सोडतच नसे. मला घुसायला जागा मिळायची नाही. मग मी मागून हळूच तिला चिमटा काढायचे.

आणि एक नियम असतो. धवलारणीनं तोंड उष्टं करायचं नाही. धवला लागायच्या आधीपासून तो संपेपर्यंत तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. पान नाही, सुपारी नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आमच्या सासूनं बायला हा नियम घालून दिला होता आणि बायनं तो एकदाही मोडला नाही. भर वैशाखात, मांडवात घामाच्या धारा लागलेल्या असताना, सरबताचे पेले समोरून जायचे आणि ती बघायचीसुद्धा नाही. मी मागची असल्यामुळे मला जरा सूट होती. मी ती पुरेपूर घ्यायचे.

तर अशा बाईला दमा लागला. आधी पावसाळ्यापुरता असायचा, मग बारमाही झाला. ती ओळी आखूड करायला लागली. मला घुसायला भरपूर जागा मिळायला लागली आणि चिमटे काढायची गरजच उरली नाही. मग एका मांडवात तिनं ओळ काढली आणि अर्ध्यात छातीला हात लावून माझ्याकडे पाहिलं. मी सावरून घेतलं, कोणाला कळलं नाही. पण त्यानंतर लग्नाचं आमंत्रण घेऊन कोणी आलं की ती म्हणायची, "घसा बसलाय माझा, दुसरीला सांगा." घसा काही तिचा बसलेला नव्हता.

मी तिला ओढत कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि दोन पंप दिले. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ, दम लागो न लागो घ्यायचाच; त्यानं श्वासनळ्यांची सूज उतरते. घेतल्यावर खळखळून चूळ भरायची. दुसरा निळा, दम लागला की तेव्हाचा. सोबत प्लॅस्टिकचं एक नळकांडं. पंप त्याला लावायचा, दुसरं टोक तोंडात धरायचं आणि सावकाश श्वास ओढायचा. बायनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"हा तोंडात धरायचा?"

"हो."

"रोज?"

"रोज."

परत येताना आम्ही टेंपोत बसलो. गावाचा फाटा आला तेव्हा ती म्हणाली, "मंग झालंच माझं."

मला वाटलं, नेहमीचीच भीती असेल. पंप एकदा लागला की सुटत नाही, पंप म्हणजे शेवटचा इलाज, असं गावात सगळेच म्हणतात आणि मी रोज कोणाला तरी समजावत असते. तसंच तिलाही समजावलं. ती हो हो म्हणाली. पंप घ्यायचीही, मी समोर उभी राहिले की. पण तोंड असं करून, की जणू मी तिला एरंडेल पाजतेय.

त्याच सुमाराला आमच्या उपकेंद्रात योगाच्या बाई यायला लागल्या. आठवड्यातून एकदा कर्जतहून स्कूटीवर यायच्या. दम्याची मोठी माणसं गोळा कर, असं मला सांगण्यात आलं होतं. मी दारोदार फिरून गोळा केली. वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी सांगून टाकलं, "मी दमा घालवायला आलेली नाही. पंप चालूच ठेवायचा. हे त्याच्या जोडीला आहे. यानं छाती जरा मोकळी राहील आणि दम लागला की घाबरगुंडी उडते ती कमी होईल. एवढंच."

झालं. निम्मी माणसं तिथंच हिरमुसली. कंपनीतून रिटायर झालेले एक काका उघड म्हणाले, "मंग आल्या कशाला एवढ्या लांब?" ते टीव्हीवर बघून रोज पहाटे पोट आत-बाहेर मारायचे आणि नंतर तासभर खोकत बसायचे. बाईंनी त्यांना तेच बंद करायला सांगितलं. दम्याच्या माणसानं जोरजोरात श्वास मारायचे नाहीत, श्वास कोंडून धरायचा नाही, धुरात, धुळीत बसायचं नाही, छाती भरलेली असताना तर काही करायचंच नाही. काका पुढच्या आठवड्यापासून आले नाहीत.

मला वाटलं, बायही गळणार. ती मात्र चिकटली. ताठ बसायचं, खांदे सैल सोडायचे, पोटावर हात ठेवायचा. श्वास नाकानं आत घ्यायचा आणि घेतला त्याच्यापेक्षा सावकाश सोडायचा. मग एका नाकपुडीनं आत, दुसरीनं बाहेर. शेवटी तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडायचा, ती भ्रामरी. आणि दम लागल्यासारखं वाटलं तर ओठांचा चंबू करून हळू फुंकर मारत राहायची. यात काही विशेष नव्हतं. मला तर बसल्या बसल्या झोप यायची. पण बाय घरी रोज सकाळी ओट्यावर बसायला लागली आणि एकटी बसायची नाही. "तू बस माझ्यासंगं." म्हणजे मला दळण, डबा, पाणी, वरची कामं सगळं सोडून तिच्यासमोर मांडी घालून बसावं लागे. मला काय, मागं बसायची सवयच आहे.

एका सकाळी मी तिला विचारलं, "बाय, पंपाला एवढी नाकं मुरडतेस आणि हे बरं गोड लागलं तुला?"

ती म्हणाली, "यात तोंडात काय जात नाय. तोंड उष्टं होत नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती पंपाला घाबरलेलीच नव्हती. पंप तिच्या लेखी खाणं होतं. सकाळी पंप घेतला की त्या दिवशी तिचं तोंड उष्टं झालं, मग मांडवात कशी उभी राहणार? लग्नं नाकारत होती ती निम्मी दम्यापायी आणि निम्मी यापायी. मी गावाला मलेरिया समजावते, टीबी समजावते. पण हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं होतं? मी म्हटलं, अगं, ते औषध आहे, वाफ आहे, पोटात जात नाही. ती म्हणाली, "तोंडातून जातं ना? मंग."

तरी त्या हिवाळ्यात ती खरंच बरी होती. रोजचा पंप मी घ्यायला लावत होते आणि ओट्यावरचं बसणं ती स्वतःहून करत होती. कशानं किती फरक पडला ते डॉक्टरीणबाईच जाणोत, पण पायऱ्या चढताना थांबणं कमी झालं, आणि सकाळी माझ्या कानाला शिट्टी ऐकू येईनाशी झाली. मग एकदा भ्रामरी करताना मला तिचा आवाज वेगळा वाटला. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं आणि आतल्या आत गुणगुण चाललेली. ती खाली गेली, वर आली, शेवटाला लांबली. मी ओळखलं. हळदीचा धवला होता. ती तोंड न उघडता गात होती. मी डोळे पुसले आणि कामाला लागले. खूप बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

आणि नेमकं तेव्हाच मुलीचं लग्न ठरलं. मुलगा रसायनीकडचा, सुस्वभावी, नोकरीला. सगळं मनासारखं. बायनं त्याच दिवशी जाहीर केलं, "माझ्या पोरीचा धवला मी गाणार."

नाही कसं म्हणणार? जिनं तिला न्हाऊमाखू घातलं, तिच्या तापात रात्री काढल्या, तिनं नाही गायचं तर कोणी? आणि हो तरी कसं म्हणू? मी म्हटलं, "गा. पण पंप चुकवायचा नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा."

"बरं."

"बरं नाही, शपथ घे."

"शपथ काय घ्यायची त्यात? बरं म्हटलं ना."

तिनं बरं म्हटलं आणि मी ते खरं धरलं, कारण मला दुसरी कामं होती. मुलीचं लग्न असलेल्या घरात आईला काय कामं असतात ते बायकांना सांगायला नको. त्यात माझी ड्युटी, त्यात कुठल्या तरी अहवालासाठी खालापूरला खेप. मांडव पडला, पाहुणे आले, आणि मी पंपाच्या मागं फिरायचं थांबले. बाय हसत होती, फिरत होती, धवले आठवत होती. मला वाटलं, घेतेय.

दिवस राब भाजायचे होते. भाताची रोपं टाकायच्या आधी आमच्याकडे त्या तुकड्यावर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून पेटवतात. हळदीच्या दुपारी शेजारच्यांनी आपला राब पेटवला. त्यांची तरी काय चूक, वारा पडलेला होता. धूर गावावर बसून राहिला. संध्याकाळी मांडवामागं जेवणाची चूल पेटली, मोठी टोपं चढली. मांडवात माणसं, धूळ, अगरबत्त्या. मुलगी पाटावर बसली, बायकांनी हळदीची वाटी समोर ठेवली. बायनं पदर खोचला, डोळे मिटले, नाकानं सावकाश श्वास घेतला, अगदी ओट्यावर घ्यायची तसाच, आणि धवला लावला.

पहिली ओळ छान गेली, बायकांनी मुलीच्या हातांना हळद लावायला घेतली. मांडव गप्प झाला. मेढीचे छोटे धवले तिनं बेताबेतानं गायले होते; तिचा तो न सुटणारा शेवटचा सूर मी इतक्या वर्षांनी ऐकला. मला मागून घुसायचंच सुचेना. दुसऱ्या ओळीला सूर जरा लवकर संपला. मी लवकर घुसले. तिसऱ्या ओळीला अर्ध्यातच संपला. चौथी ओळ आलीच नाही.

मी माझी ओळ ताणली तेवढी ताणली. माझाही दम संपला. मग मांडवात मागच्या चुलीचा आवाज तेवढा राहिला.

बायचे खांदे कानाला लागले होते. गळ्याची खळगी आत ओढली जात होती. मी तिला धरून खुर्चीवर बसवलं आणि कानात विचारलं, "रोजचा पंप कधीपासून घेतला नाहीस?"

तिनं बोटानं मांडवाची मेढ दाखवली. मेढ रोवल्यापासून. म्हणजे इतके दिवस ती तोंड चोख ठेवत होती, पोरीच्या धवल्यासाठी. जेवणाचं चालत होतं तिला, ते संध्याकाळी, गाणं झाल्यावर. पंप मात्र सकाळचा, म्हणून तो बंद, आणि सकाळचा बंद म्हणून संध्याकाळचाही. आणि मला वाटत होतं, घेतेय.

मी निळा पंप मागवणार, तेवढ्यात तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला. मान हलवली. "धवला... पुरा..." एवढंच बोलता आलं. म्हणजे पुरा झाल्याशिवाय तोंडात काही घेणार नाही. माझं डोकं फिरलं. एका हातानं तिचा पदर ओढावा आणि दुसऱ्या हातानं तिला एक ठेवून द्यावी, असं वाटलं मला. मी दम्यानं गेलेली माणसं पाहिली आहेत. ती अशीच मान हलवत असतात.

तेवढ्यात मुलगी पाटावरून उठली.

हळदीच्या पाटावरून नवरी मध्येच उठत नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "बस गं खाली. धवला चालू हाय."

"कुठं चालू हाय?" मुलगी म्हणाली आणि सरळ घरात गेली. माझ्या ड्युटीच्या पिशवीत एक निळा पंप असतो, ते तिला ठाऊक होतं. पंप आणि नळकांडं घेऊन आली. हात कोपरापर्यंत हळदीचे. बायसमोर उकिडवी बसली.

"मोठी आई, तोंड उघड."

बायनं मान हलवली. "उष्टं..."

"लहानपणी माझ्या ताटातलं उष्टं कोण खायचं?" मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "रोज खायचीस ना तू? तेव्हा नाय तुझं तोंड बाटलं. उघड तोंड. तू घेतल्याशिवाय मी पाटावर बसत नाय."

बायनं तिच्याकडे पाहिलं. मग पदर खाली आला.

एकेक फवारा करून पंप दिला. मध्ये थांबून, नळकांड्यातून, सावकाश. औषधाला काम करायला वेळ लागतो आणि तेवढ्यात माणूस घाबरून आणखी श्वास खेचत सुटतो, त्यात अजून गुदमरतो. मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले, ओट्यावर बसायचे तशी. म्हटलं, "बाय, माझ्याकडे बघ. फुंकर मार. चहावर मारतेस तशी. हळू." तिनं ओठांचा चंबू केला. मी मारली तशी तिनं मारली. परत. परत. मी पुढं आणि ती मागं. योगाच्या बाई म्हणाल्या होत्या ना, एवढंच, म्हणून. पंपाशिवाय ती फुंकर काही कामाची नव्हती, पण औषध लागू पडेपर्यंत तिनं तग धरला तो त्या एवढ्याशावर. हळूहळू खांदे कानापासून सुटले. शिट्टी बारीक झाली. तिला एक सबंध वाक्य बोलता येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

ते वाक्य होतं, "पाणी दे."

मी तांब्या दिला. तिनं घोट घेतला नाही. मांडवाच्या कडेला वाकून खळखळून चूळ भरली आणि तोंड पुसत माझ्याकडे पाहिलं.

"चूळ भरली की उष्टं जातं ना गं?"

मी कपाळाला हात लावला. जेवून उठलं की चूळ भरतो, तोंड चोख होतं, हे आमच्यात शेंबड्या पोराला माहीत. "डॉक्टरीणबाई पहिल्या दिवसापासून सांगतायत ना, पंप घेतला की चूळ भर!"

"त्या घसा खराब होतो म्हणून सांगत होत्या," बाय म्हणाली. "हे नाय सांगितलं त्यांनी."

माझ्या नवऱ्याला मी गाडी काढायला सांगितलं होतं. बाय म्हणाली, धवला पुरा झाल्याशिवाय मी गाडीत बसत नाही. मुलगी पाटावर जाऊन बसली होती आणि तिचाही तोच हट्ट. पोर वाढली ती तिच्याच मांडीवर ना. भांडायला माझ्यात त्राण नव्हतं. बाय खुर्चीवरून म्हणाली, "तू ओढ. मी धरते."

मी आयुष्यात पहिली ओळ कधी काढली नव्हती. काढली. कशी काढली ते विचारू नका. जिथं तुटला होता तिथूनच लावला आणि मागून बायनं तोंड मिटून नुसता सूर धरला, सकाळी ओट्यावर धरायची तसा. मुलीची उरलेली हळद लागली. मग आम्ही कर्जत गाठलं. तिथं बायला वाफ दिली, थांबवून घेतलं आणि डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं मलाच बोलल्या. "तुम्ही आशा आहात ना?" म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. बाय खाटेवर खाली मान घालून हसत होती.

दुसऱ्या दिवशी लग्नाला ती आली, पण गायली नाही. डॉक्टरीणबाईंची तशी अटच होती.

त्यानंतर पंप कुठं लपला नाही. सकाळी ओट्यावर बसायच्या आधी ती स्वतःहून घेते, अंगणात चूळ भरते, मग डोळे मिटते. नळकांड्यावर मुलीच्या बोटांचे पिवळे डाग आहेत. मी ते नियमानं धुवायला घेते तर म्हणते, "डाग घालवू नको." साबणानं ते जातही नाहीत.

पावसाळा गेला, तुळशीचं लग्न झालं आणि पलीकडच्या गावचे लोक लग्नाचं सांगायला आले. ते मला सांगायला आले होते. एकटीला. कळंबच्या बाजूची कोणी बाई माझ्या मागं धरेल, असं त्यांनी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. बोलताना आवाज खाली करत होते, पण बाय आतच भाकऱ्या थापत होती. थापटण्याचा आवाज थांबला. मग तिथूनच ती म्हणाली, "जा गं तू. माझा धवला तुटतो."

मला राग आला. त्यांचा, तिचा, सगळ्याचाच. मला पुढं गायची हौस नव्हती. मला मागं बसून सुपारी चघळायची होती. मी त्यांना म्हटलं, "आमी दोघी येतो. नायतर कोणीच नाय. आणि मांडवात चूल लांब ठेवा, आणि एक भरलेला तांब्या ठेवा." तांब्या कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आमच्यात असतो."

त्या मांडवात मी ओळ काढली. ओळ संपत आली, सूर सोडला, आणि नेहमीच्या जागी मागून काही आलं नाही. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नवरीच्या आईला वाटलं, मी पुढचं विसरले. मी पुढची ओळ काढली नाही. मी रोज सकाळी पडून राहते तशी कान देऊन उभी राहिले. मागं नाकातून हवा आत जातानाचा तो बारीक आवाज आला, घाई नसलेला, आणि मग बायनं ओळ धरली. सबंध धवलाभर आम्ही तसंच केलं. प्रत्येक ओळीला फट पडली आणि प्रत्येक फटीत मी तिच्यासाठी थांबले. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून बघून थकल्या आणि शेवटी बघायच्या थांबल्या.

धवला झाल्यावर बाय माझ्या कानाशी आली. "एवढं थांबत जाऊ नको गं," म्हणाली. "लोकांना वाटतं तुलाच दमा हाय."

मी आधी तिला पंप दिला, मग चूळ भरायला तांब्या.